बशीतील ग्रंथी : कीटकांची संप्रेरके, त्यांचा शोध आणि आपली शेती

कीटकाच्या शरीरातील संप्रेरक तयार करणारी ग्रंथी अलगद बाहेर काढायची, पोषक द्रवाच्या थेंबात ती काही तास किंवा काही दिवस जिवंत ठेवायची आणि त्या काळात तिने द्रवात सोडलेले संप्रेरक मोजायचे, या पद्धतीला ग्रंथी-संवर्धन असे म्हणतात. या ग्रंथी मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान असतात. काही तर इतक्या पातळ आणि पारदर्शक की सूक्ष्मदर्शकाखालीही त्या शोधाव्या लागतात. तरीही अळीने कात केव्हा टाकावी, कोष केव्हा विणावा, पतंग केव्हा व्हावे, मादीने अंडी केव्हा धरावीत, हे सारे त्यांच्याच हाती असते. डासनियंत्रणाची काही औषधे, रेशीम उत्पादनातील काही उपाय आणि कापसावरील काही फवारण्या यांचा उगम याच ज्ञानात आहे.

सुरतेतील डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत खान्देशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे कापड धंद्यावर पोट भरतात. तिथल्या मागांवर मुख्यतः कृत्रिम धागा चालतो. वितळलेले रसायन सूक्ष्म छिद्रांतून दाबाने बाहेर काढले की तो तयार होतो आणि यंत्राची कळ दाबली की तो सुरू होतो. या धाग्याने ज्याची नक्कल केली त्या अस्सल रेशमाचे मात्र असे नाही. रेशमाचा धागा अळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून येतो आणि तो सुरू करणारी कळ अळीच्या संप्रेरकांमध्ये असते. ती कळ नेमकी कुठे आहे, हे सिद्ध व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

दोन संप्रेरके, एक वेळापत्रक

कीटकाच्या अंगावरचे कठीण कवच वाढत नाही. म्हणून वाढणाऱ्या अळीला ते वेळोवेळी टाकून नवे धारण करावे लागते. रेशीम अळी चार वेळा कात टाकते आणि पाचव्या अवस्थेच्या शेवटी कोष विणते. या घडामोडींमागे प्रामुख्याने दोन संप्रेरके असतात.

पहिले म्हणजे एकडायसोन, अर्थात निर्मोचन संप्रेरक. ते छातीच्या पुढच्या भागातील अग्रवक्ष ग्रंथींत तयार होते आणि ‘आता कात टाका’ असा आदेश देते. दुसरे म्हणजे बाल्यसंप्रेरक. मेंदूच्या मागे असलेल्या कॉर्पोरा अलाटा नावाच्या इवल्याशा जोडग्रंथीत ते तयार होते. कात टाकल्यावर पुढे काय व्हायचे, हे ते ठरवते. ते भरपूर असताना एकडायसोनचा आदेश आला, तर अळीची पुन्हा अळीच होते, फक्त आकाराने मोठी. ते संपल्यानंतर आदेश आला, तर अळी कोषावस्थेकडे वळते. या दोघांच्या वर मेंदू असतो. तो आपल्या प्रथिन-संप्रेरकाद्वारे अग्रवक्ष ग्रंथीला जागे करतो.

म्हणजेच कीटकाच्या आयुष्यात संप्रेरक आहे की नाही, याइतकेच ते कोणत्या वेळी आहे हेही महत्त्वाचे ठरते. पुढचा सारा इतिहास आणि आजचे सारे उपयोग या एका सूत्राभोवती फिरतात.

गाठ, चिमटा आणि पाचशे किलो कोष

आरंभीचे प्रयोग साधे, पण कमालीच्या हस्तकौशल्याचे होते. पोलंडच्या स्टेफान कोपेच यांनी १९१७ ते १९२२ या काळात पतंगाच्या अळ्यांच्या शरीराभोवती दोऱ्याची गाठ घट्ट आवळली. गाठ ठरावीक काळाआधी बांधली, तर फक्त पुढचा, मेंदूचा भाग कोषावस्थेत जाई आणि मागचा भाग अळीच राही. त्या काळानंतर बांधली, तर दोन्ही भाग बदलत. मेंदूतून काहीतरी रक्तावाटे मागे जाते, हे त्यातून दिसले. मज्जासंस्थेचा अवयव संप्रेरक-ग्रंथीसारखा वागू शकतो, असे सुचवणारा हा प्राणिशास्त्रातील अगदी आरंभीचा पुरावा होता. १९४१ मध्ये नाझी राजवटीने कोपेच यांना गोळ्या घातल्या.

इंग्लंडच्या व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात रक्त शोषणाऱ्या ऱ्होड्नियस ढेकणाची डोकी कापून दोन कीटक काचेच्या बारीक नळीने जोडले आणि एकाच्या रक्तातील संदेश दुसऱ्यात जातो, हे दाखवले. फ्रान्सच्या बूनियोल यांनी १९३८ मध्ये लहान रेशीम अळ्यांच्या कॉर्पोरा अलाटा ग्रंथी काढून टाकल्या. तेव्हा त्या अळ्यांनी वेळेआधीच चिमुकले कोष विणले. १९४० मध्ये जपानच्या फुकुदा यांनी रेशीम अळीतच अग्रवक्ष ग्रंथीचे कार्य दाखवून दिले. या कथेत रेशीम अळी पुन्हा पुन्हा येते. हजारोंच्या संख्येने, एकाच वयाचे आणि स्वस्तात मिळणारे दुसरे प्रयोगजीव त्या काळी फारसे नव्हते.

संप्रेरक हाती लागणे मात्र अवघड होते. जर्मनीचे आडोल्फ बुटेनान्ट आणि पीटर कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीम किड्यांच्या सुमारे पाचशे किलो कोषावस्थांमधून एकडायसोनचे जेमतेम २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. त्याची संपूर्ण रचना कळायला १९६५ साल उजाडले. ते स्टेरॉइड वर्गातले निघाले. यातही एक गंमत आहे. कीटकांना स्वतः कोलेस्टेरॉल घडवता येत नाही. पाने खाणारी अळी वनस्पतींतील स्टेरॉल घेते आणि त्यापासून आपले संप्रेरक बनवते.

शंका आणि तिचे उत्तर

एकडायसोन सापडले, तरी ते अग्रवक्ष ग्रंथीच बनवते याचा थेट पुरावा नव्हता. ग्रंथी काढली की निर्मोचन थांबते, एवढेच ठाऊक होते. ग्रंथी स्वतः संप्रेरक बनवते, की दुसऱ्या एखाद्या अवयवाला ते बनवण्याची सूचना देते? १९७० च्या सुमारास ही शंका गंभीरपणे घेतली जात होती. ग्रंथी नसलेल्या शरीरभागांतही एकडायसोन तयार होत असल्याची निरीक्षणे तेव्हा पुढे आली होती.

जिवंत शरीरात या शंकेचे निरसन होणे शक्य नव्हते, कारण तिथे प्रत्येक अवयव दुसऱ्याशी रक्ताने जोडलेला असतो. मार्ग एकच होता, ग्रंथीला एकटे पाडणे. त्यासाठी लागणारे पोषक द्रव तोवर तयार झाले होते. कीटकाच्या रक्तात अमिनो आम्लांचे प्रमाण माणसाच्या रक्ताच्या तुलनेत फार मोठे असते. हे लक्षात घेऊन बनवलेल्या द्रवात ऑस्ट्रेलियाच्या थॉमस ग्रेस यांनी १९६२ मध्ये पतंगाच्या अंडाशयातील पेशी सतत वाढत ठेवून दाखवल्या होत्या.

१९७४ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी उत्तर दिले. जपानी गटाने रेशीम अळीच्या, अमेरिकेतील एका गटाने तंबाखूवरील मोठ्या अळीच्या आणि दुसऱ्या गटाने झुरळाच्या अग्रवक्ष ग्रंथी बशीत ठेवल्या. तिन्ही ठिकाणी ग्रंथीभोवतीच्या द्रवात एकडायसोन सापडले. आसपास दुसरा अवयव नव्हता आणि रक्तही नव्हते. ग्रंथीच संप्रेरक बनवते, हे आता सिद्ध झाले.

बाल्यसंप्रेरकाच्या बाबतीत बशीने आणखी मोठी मजल मारली. त्याची पहिली रचना १९६७ मध्ये पतंगांच्या शरीरातील तेलातून उलगडली होती. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी तंबाखूवरील अळीच्या पतंगाच्या कॉर्पोरा अलाटा संवर्धित केल्या. तेव्हा त्या द्रवात एक अपरिचित रूप सापडले. आज त्याला ‘बाल्यसंप्रेरक तीन’ म्हणतात आणि बहुतेक कीटकांचे मुख्य बाल्यसंप्रेरक तेच आहे. ज्या रेणूचे स्थान कीटकविश्वात सर्वात व्यापक, तो आधी सापडला तो बशीत.

पाठोपाठ १९७४ मध्ये प्रॅट आणि टोब यांनी टोळाच्या ग्रंथींसाठी एक नेमकी मोजणी शोधली. बाल्यसंप्रेरकाच्या प्रत्येक रेणूला शेवटी एक मिथिल गट जोडला जातो आणि तो मिथिओनिन या अमिनो आम्लाकडून येतो. द्रवात किरणोत्सारी मिथिओनिन घालायचे, ग्रंथीला तीन तास काम करू द्यायचे आणि तयार झालेल्या संप्रेरकात किती किरणोत्सार उतरला ते मोजायचे. एका कीटकाच्या एका जोडग्रंथीने तासाभरात किती माल तयार केला, याचा हिशेब यामुळे लावता येऊ लागला. पाचशे किलो कोषांपासून एका ग्रंथीपर्यंतचा हा प्रवास केवळ वीस वर्षांचा आहे.

बशी काय दाखवते, काय लपवते

ग्रंथी जोडीने असतात, याचा शास्त्रज्ञांनी सुरेख उपयोग केला. एकाच अळीची डावी ग्रंथी साध्या द्रवात ठेवायची आणि उजवी मेंदूचा अर्क घातलेल्या द्रवात. दोन्हींतला फरक हा त्या अर्काचा परिणाम. या तुलनेमुळे मेंदूतील संप्रेरकाची ताकद मोजता आली. कॉर्पोरा अलाटाचे काम थोपवणारी छोटी प्रथिने, म्हणजे अलाटोस्टॅटिन, १९८९ मध्ये झुरळातून ओळखली गेली तीही अशाच चाचणीच्या बळावर.

बशीतली ग्रंथी म्हणजे पूर्ण कीटक नव्हे, हेही लवकरच दिसून आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस असे आढळले की तंबाखूवरील अळीची अग्रवक्ष ग्रंथी एकडायसोनपेक्षा त्याचाच किंचित वेगळा पूर्वरेणू अधिक सोडते आणि अळीच्या रक्तातील एक विकर त्याचे एकडायसोन करते. पुढे इतर ऊती त्याला अधिक प्रभावी रूप देतात. ग्रंथी, रक्त आणि ऊती मिळून ही साखळी पुरी होते.

प्रौढ डासाच्या मादीने आणखी एक धक्का दिला. प्रौढावस्थेत अग्रवक्ष ग्रंथी उरत नाहीत, मग तिच्या शरीरात एकडायसोन येते कुठून? १९७५ मध्ये हॅगडॉर्न आणि सहकाऱ्यांनी एडीस इजिप्ती डासाची अंडाशये बशीत ठेवली. रक्त प्यायलेल्या मादीच्या अंडाशयांनी एकडायसोन सोडले. डेंग्यू पसरवणाऱ्या या मादीला माणसाचा चावा का लागतो, याच्या उत्तराचा एक धागा इथे आहे. रक्ताच्या घोटानंतर अंडाशय संप्रेरक बनवते आणि त्या संदेशाने अंड्यांच्या पोषणाची तयारी सुरू होते.

पुण्याच्या बशीतील डास

कीटकांच्या ऊतींना देहाबाहेर जगवण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्र १९५२ मध्ये सुरू झाले. तेच पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथे के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडीस अल्बोपिक्टस आणि एडीस इजिप्ती या डासांच्या नुकत्याच बाहेर आलेल्या अळ्यांपासून पेशींचे वंश वाढवले. बशीतली ग्रंथी काही दिवसांत थकते, पेशींचा वंश मात्र वर्षानुवर्षे वाढवत नेता येतो. सिंग यांच्या एडीस अल्बोपिक्टस पेशींपासून १९७८ मध्ये इगाराशी यांनी निवडलेली सी६/३६ ही शाखा आज जगभरच्या प्रयोगशाळांत डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे विषाणू वेगळे करण्यासाठी वापरली जाते.

या वंशाचा उपयोग संप्रेरकांच्या अभ्यासालाही झाला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अल्बोपिक्टसच्या पेशींवर एकडायसोनच्या प्रभावी रूपाचा परिणाम अभ्यासला गेला. संप्रेरक मिळताच या पेशी विभाजन थांबवतात, असे तिथे दिसले. ग्रंथी-संवर्धनाने संप्रेरक कोण पाठवतो ते सांगितले, तर पेशी-संवर्धनाने तो संदेश ऐकणारा काय करतो ते दाखवले.

वृत्तपत्राचा कागद आणि भातशेतीतील तण

माणसाच्या कितीतरी आधी वनस्पतींनी कीटकांची ही भाषा आत्मसात केली होती. कारेल स्लामा यांनी चेकोस्लोव्हाकियातून आणलेले ढेकूणवर्गीय कीटक १९६५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात प्रौढ होईनासे झाले. तपासाअंती दोष निघाला तो बशीत अंथरलेल्या कागदाचा. अमेरिकी वृत्तपत्रांच्या कागदात हा गुण होता, तर लंडनच्या ‘टाइम्स’च्या कागदात नव्हता. अमेरिकी कागद ज्या बाल्सम फर वृक्षापासून बनत असे, त्यात बाल्यसंप्रेरकासारखे द्रव्य होते.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. लव्हाळ्याच्या कुळातील सायपेरस आयरिया हे भातशेतीतील तण शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. १९८८ मध्ये या तणात प्रत्यक्ष ‘बाल्यसंप्रेरक तीन’ आढळले. ते खाणाऱ्या नाकतोड्याच्या मादीच्या अंडाशयाची वाढ बिघडते. माळावर आणि बांधावर उगवणाऱ्या ओसाडीच्या, म्हणजे अजेरॅटमच्या, जातींत प्रिकोसीन नावाची द्रव्ये असतात. त्यांची चाल उलटी आहे. ती बाल्यसंप्रेरक बनवणारी ग्रंथीच नष्ट करतात. १९८० मध्ये टोळाच्या संवर्धित ग्रंथींवर असे दिसले की ग्रंथी स्वतःच प्रिकोसीनचे एका दाहक रेणूत रूपांतर करते आणि त्यानेच मरते. शत्रूला घरात घेऊन त्याच्या हाती शस्त्र देण्याचाच हा प्रकार.

टाकीतल्या अळ्या मरत का नाहीत?

या ज्ञानातून कीटकवाढ-नियंत्रक औषधे निघाली. बाल्यसंप्रेरकाची नक्कल करणारे मेथोप्रीन १९७५ मध्ये अमेरिकेत नोंदले गेले. पुढे पायरिप्रॉक्सिफेन आले. जागतिक आरोग्य संघटनेने डासनियंत्रणासाठी पिण्याच्या पाण्यातही ते ठरावीक मर्यादेत, म्हणजे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत, वापरण्यास मान्यता दिली आहे.

गोव्यासारख्या पावसाच्या प्रदेशात, जिथे टाक्या, टायर, करवंट्या आणि बांधकामावरील साचलेले पाणी ही डासांची माहेरघरे आहेत, तिथे या औषधाचा स्वभाव नागरिकांना ठाऊक असायला हवा. ते अळीला लगेच मारत नाही. अळ्या वळवळत राहतात, खातात आणि कोषावस्थेतही जातात. मरतात त्या डास होण्याच्या उंबरठ्यावर. म्हणून औषध घातल्यानंतर दोन दिवसांनी पाण्यात अळ्या दिसल्या, तरी ते निकामी ठरत नाही. त्याचे यश मेलेल्या अळ्यांवरून ठरत नाही, किती डास बाहेर पडले यावरून ठरते.

रेशीम शेतकऱ्यापुढील पेच

रेशीम उद्योगात हीच संप्रेरके मित्र ठरू शकतात. पाचव्या अवस्थेच्या आरंभी बाल्यसंप्रेरकाची नक्कल अत्यल्प मात्रेत दिली, तर अळी थोडा काळ अधिक खाते, तिची रेशीम-ग्रंथी भरते आणि कोष वजनदार होतो. अवस्थेच्या अखेरीस एकडायसोनवर्गीय वनस्पतिजन्य द्रव्य पाल्यावरून दिले, तर मागेपुढे पिकणाऱ्या अळ्या एकदम पिकतात. चंद्रिकेवर अळ्या वेचून सोडण्याचे दोन-तीन दिवसांचे काम त्यामुळे आटोक्यात येते. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने ‘संपूर्णा’ या नावाने असेच उत्पादन विकसित केले.

मात्रा किंवा वेळ चुकली, की मित्राचा वैरी होतो. बाल्यसंप्रेरकाची नक्कल जास्त झाली, तर अळी खातच राहते, फुगते आणि कोष न विणताच मरते. इटलीच्या उत्तर भागात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे प्रत्यक्ष घडले. फळबागांत फेनॉक्सिकार्ब हे बाल्यसंप्रेरकासारखे कीटकनाशक फवारले जाऊ लागले. वाऱ्यावरून त्याचा अंश तुतीच्या पानांवर बसला आणि रेशीम अळ्यांनी कोष विणणे सोडले. शतकांची परंपरा असलेल्या तिथल्या रेशीमपालनाला त्याचा जबर फटका बसला.

मराठवाड्यात या अनुभवाची आठवण ठेवणे गरजेचे आहे. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकातील रामनगरची वाट धरणाऱ्या शेतकऱ्यांसाठी २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजार सुरू झाला आणि कोरडवाहू पट्ट्यातील अनेकांनी तुती लावली. याच पट्ट्यात कापूस हे मोठे पीक आहे आणि पांढऱ्या माशीसाठी पायरिप्रॉक्सिफेन असलेली औषधे बाजारात मिळतात. एका शिवारात एकाच्या कपाशीचे औषध दुसऱ्याच्या तुतीचे विष ठरू शकते.

या विषबाधेचा सर्वात कठीण भाग तिच्या वेळेत आहे. साध्या कीटकनाशकाचा अंश पानावर असेल, तर अळ्या काही तासांत तडफडतात आणि शेतकरी सावध होतो. संप्रेरकाची नक्कल असेल, तर अळ्या निरोगी दिसतात, भरपूर खातात, डोळ्यांत भरतील अशा वाढतात. दोष कळतो तो चंद्रिकेवर सोडल्यानंतर, जेव्हा पाला, मजुरी आणि महिन्याभराची मेहनत सारे खर्ची पडलेले असते. म्हणून चार अळ्यांना पाला खाऊ घालून दुसऱ्या दिवशी निकाल पाहण्याची नेहमीची खबरदारी इथे पुरत नाही.

उपाय फवारणीआधीच करावे लागतात. तुतीची लागवड कपाशी आणि फळबागांपासून शक्य तितकी दूर असावी. शेजारच्या शेतात कोणते औषध, कोणत्या दिवशी, वारा कुठे वाहत असताना फवारले जाणार आहे, याची आपसांत कल्पना द्यावी. औषधाच्या वेष्टनावर पायरिप्रॉक्सिफेन, फेनॉक्सिकार्ब, मेथोप्रीन ही नावे असतील, किंवा ‘कीटकवाढ-नियंत्रक’ असा उल्लेख असेल, तर तुतीच्या शेजाऱ्याला ते आवर्जून सांगावे. बाधित पाला अळ्यांना, विशेषतः शेवटच्या अवस्थेत, अजिबात घालू नये.

बशीतल्या ग्रंथीने संप्रेरक कोण बनवतो, किती बनवतो आणि केव्हा बनवतो, या तीन प्रश्नांची उत्तरे दिली. डास आवरताना त्यातले ‘किती’ सांभाळावे लागते. रेशीम पिकवताना मात्र सर्वाधिक मोल ‘केव्हा’ला आहे, कारण अळीचे वेळापत्रक एकदा चुकले की त्या हंगामाचा कोष पुन्हा हाती येत नाही.